मुलाच्या हट्टाची जीप

नवऱ्यानं अंगणात भंगार आणून टाकलं की आपला जीव कासावीस होतो. ‘हे कधी उचलणार?’ हा प्रश्न ठरलेलाच! पण सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी असल्याच भंगारातून चक्क एक छोटी जीप उभी केली.

मुलाला गाडी हवी होती, नवी घ्यायची ऐपत नव्हती. मग मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग जमवले, पत्रा ठोकला, वेल्डिंग केलं. चेहरा थेट जुन्या विलीज जीपचा. महिंद्रा कंपनीनं १९४७ पासून आपल्याकडे जोडायला घेतली तीच. पण ही सुरू होते किकनं, स्कूटरसारखी! खर्च सुमारे ६० हजार. संसारातून एवढे काढायचे म्हणजे काय, ते तुम्हांला सांगायला नकोच.

डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिची चित्रफीत ट्विटरवर टाकली आणि बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. कारणही रोखठोक सांगितलं: नियमांत न बसणारी गाडी आज ना उद्या अडवली जाणार. खरंच आहे ते. ब्रेक, दिवे, मजबुती यांची अधिकृत चाचणी झाल्याशिवाय नोंदणी नाही. नोंदणी नाही तर विमाही नाही. पोराबाळांना गाडीत बसवायचं तर एवढं पाहायलाच हवं, बाई!

तरीही, हातानं घडवलेली पहिली गाडी देऊन टाकायची? घरची लक्ष्मीच की ती! लोहारांचाही पाय सुरुवातीला अडखळला. शेवटी जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो घरी आली आणि जीप कंपनीकडे गेली.