शब्दांची फोड



जुना मोडी कागद आपण पाहिला असेल, तर एक गोष्ट ध्यानांत आली असेल. लिहिणारा आधीं ओळभर शिरोरेघ ओढी आणि तिच्याखालीं अक्षरें अखंड लिहीत जाई. शब्दाशब्दांत मोकळी जागा नसे. शब्द कोठें संपला हें वाचणाऱ्यानें अर्थावरून ओळखावयाचें. यंत्राला अर्थ कळत नाहीं, त्याला खूण दाखवावी लागते. अशी खूण दाखवून मजकुराचे तुकडे कसे पाडतात, आणि त्यांत फसगत कशी होते, हें आज सांगावयाचें आहे.

'सी' ही संगणकाची भाषा डेनिस रिची यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७२ च्या सुमारास सिद्ध केली. (त्याच वर्षीं १५ ऑगस्टला आपल्याकडे टपालाचा पिन सुरू झाला.) या भाषेंत 'स्ट्रटोक' नांवाचें एक साधन आहे. त्याला मजकूर द्यावा, विभाजक चिन्हें सांगावीं, कीं तें दर हांकेस एकेक तुकडा हातीं देतें. समजा, एका यादींत प्रत्येक ओळीवर नांव, खोली, इमारत, विभाग आणि पिन असे पांच रकाने आहेत: 'साठे,१२,लक्ष्मी निवास,दादर,४०००२८'. विभाजक स्वल्पविराम.

स्ट्रटोक करतें तें असें: तुकड्यापुढच्या स्वल्पविरामाच्या जागीं तें शून्य लिहितें. सी भाषेंत मजकूर शून्यापाशीं संपतो, म्हणून 'साठे' सुटा होतो. पण स्वल्पविराम गेला तो गेलाच. ऋग्वेदाचा पदपाठ शाकल्यानें केला असें परंपरा सांगते. तेथें पदें सुटीं केलीं, तरी संहितापाठ जसाच्या तसा राहिला. स्ट्रटोकपाशीं हा विवेक नाहीं. मूळ ओळ पुन्हा लागणार असेल, तर आधीं तिची नक्कल करून ठेवावी.

याहून मोठा धोका रिकाम्या रकान्याचा. इमारतीला नांव नसेल, तर ओळ 'साठे,१२,,दादर,४०००२८' अशी होते. लागोपाठ आलेले दोन स्वल्पविराम स्ट्रटोक एकच समजतें. मग पांचांऐवजीं चार तुकडे हातीं येतात, 'दादर' इमारतीच्या रकान्यांत बसतें आणि पिन विभागाच्या! दादरला पूर्वेस ४०००१४ व पश्चिमेस ४०००२८ असे दोन पिन. पिनाचा रकाना कोरा राहिला, तर पत्र कोणीकडे जावें? जुन्या चाळींच्या पुनर्बांधणीच्या काळांत रहिवाशाचें नांव यादींत योग्य खोलीपुढें असणें ही कांहीं लहानसहान बाब नव्हे. अशा यादीसाठीं स्वल्पविराम स्वतः शोधीत जावें, हें बरें.

आणखी एक खोड. आपण कोठवर आलों हें स्ट्रटोक स्वतःपाशींच, एका ठिकाणीं, लक्षांत ठेवतें. ओळी पाडतांना मध्येंच त्यालाच रकाने पाडावयास लावलें, कीं पहिली खूण पुसली जाते. 'स्ट्रटोक-आर' या धाकट्या भावंडाला खूण आपणच सांभाळावयास देतों, म्हणून तेथें घोटाळा होत नाहीं.

मराठीपुरती खरी गंमत पुढेंच आहे. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत, म्हणजे तीन लहान संख्यांत, सांठवतात. पहिली नेहमीं २२४, दुसरी १६४ किंवा १६५. स्वल्पविराम एकाच लहान संख्येचा, म्हणून तो निर्धोक. पण श्लोकांतील दंड विभाजक म्हणून दिला, तर? दंड म्हणजे २२४, १६५, १६४. स्ट्रटोक या तिन्ही संख्या निरनिराळ्या विभाजक मानतें. मग प्रत्येक अक्षराचें डोकें उडतें आणि निरर्थक शेंपूट उरतें. 'त' म्हणजे २२४, १६४, १६४. तो तर समूळ नाहींसा होतो, आणि 'थ'चीही तीच गत. दंड शोधावयाचा तर तीन संख्या एकत्र, त्याच क्रमानें शोधणारें 'स्ट्रस्ट्र' वापरावें.

एवढें करूनही मराठी शब्द हातीं लागतो असें नाहीं. 'दादरला', 'दादरहून', 'दादरचा' हे यंत्राला तीन वेगळे तुकडे. त्यांतून 'दादर' सोडवावयाचें तर जागा पाहून भागत नाहीं, विभक्तिप्रत्यय ओळखावे लागतात, आणि तें काम स्ट्रटोकचें नव्हे, व्याकरणाचें आहे.