सूर मारणाऱ्या विमानांचे पंख

पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, हैदराबादच्या निजामाने विमानांचा खर्च उचलला म्हणून ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनला ‘हैदराबाद’ हे नाव मिळालं. हीच स्क्वाड्रन १९४३मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ‘व्हेंजन्स’ ही अमेरिकी डाइव्ह बॉम्बर, म्हणजे सूर मारून बॉम्ब टाकणारी विमानं, उडवत होती.

अशा विमानांचे पंख खास असत. जर्मन डाइव्ह बॉम्बर ‘स्टुका’चे पंख बुंध्याशी खाली झुकून पुढे वर वळलेले, त्यामुळे चाकांचे पाय आखूड ठेवता आले. ‘बी’ प्रकाराच्या पंखांचा पसारा १३.८ मीटर. विमानवाहू जहाजासाठी आखलेल्या ‘सी’चे पंख घडीचे. वाढलेलं वजन पेलायला ‘डी-५’चा पसारा १५ मीटर केला आणि सूर मारताना वेग आवरणाऱ्या पंखाखालच्या पट्ट्या काढल्या. म्हणजे मूळ धंदाच बंद! रणगाडे फोडणाऱ्या ‘जी-२’ने हेच लांब पंख घेतले, खाली ३७ मिलिमीटरच्या दोन तोफा लटकवून.

व्हेंजन्सची तऱ्हा न्यारी. उभा सूर मारताना पंखांच्या उचलीने नेम हलू नये म्हणून ते धडाला शून्य अंशात जोडलेले. परिणामी सरळ उडतानाही नाक वर, आणि उतरताना वैमानिकाला धावपट्टी धड दिसेना. शिवाय गुरुत्वमध्याचा हिशेब चुकलेला. तो सुधारायला नवा पंख आखण्यापेक्षा पंखाचा मधला भाग मागे तिरपा करणं सोपं पडलं. भारतीय हवाई दलाच्या ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रन १९४४मध्ये याच विमानांनिशी लढल्या. ‘मार्क ४’मध्ये पंखांचा कोन चार अंश झाला खरा, पण ती विमानं बहुतेक सरावाची लक्ष्यं ओढण्याच्या कामी लागली.