ओठाने शिकार करणारा डिंभक

पावसाळ्याच्या अखेरीस मोकळ्या रानावर थव्याने घिरट्या घालणारा चतुर सगळ्यांच्या ओळखीचा. त्याचे पाण्यातले बालपण मात्र फारसे कुणी पाहिलेले नसते. मातकट रंगाचा हा डिंभक डबक्याच्या तळाशी निपचित पडून असतो. समोरून डासाची अळी किंवा बेडकाचे पिल्लू जाते आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत गडप होते. ही करामत जबड्याची नाही, खालच्या ओठाची.

हा ओठ चांगलाच लांब असतो. मध्ये बिजागरी, एरवी तो दुमडून डोक्याखाली, पुढच्या पायांच्या मधोमध ठेवलेला. टोकाला दोन हलते आकडे. काही जातींत तो सपाट असतो, तर काहींत खोलगट. असा खोलगट ओठ चेहऱ्याचा खालचा भाग मुखवट्यासारखा झाकतो. तो भक्ष्य पकडून तोंडाशी आणतो, चावायचे काम मग जबड्यांचे.

इतका वेग येतो कुठून? पोट आवळून डिंभक शरीरातल्या द्रवाचा दाब ओठात ढकलतो, असे बरीच वर्षे मानले जाई. गुदद्वारातून पाण्याची पिचकारी सोडून हाच प्राणी पुढे झेपावतो, तेव्हा ते पटणारेही होते. पण 2021 मध्ये जर्मनीतल्या कील विद्यापीठाच्या संशोधकांनी ही कल्पना मोडीत काढली. ओठाच्या दोन सांध्यांशी दोन स्वतंत्र गलोली आहेत. स्नायू त्या आधी सावकाश ताणून ठेवतात आणि दोन्ही एकदम सुटतात. याच तत्त्वावर त्यांनी एक यंत्रही बनवून दाखवले. मला यातली खरी गंमत वाटते ती दोन गलोलींचा मेळ साधण्यात. नुसता वेग तर एकीनेही मिळाला असता.

शेवटची कात टाकण्याआधी काही दिवस डिंभक खाणेच सोडतो, कारण जुन्या ओठाच्या आत आखूड, नवा ओठ घडत असतो. उडणारा चतुर शिकार धरतो काटेरी पायांनी आणि उडता उडताच दातेरी जबड्यांनी चावून खातो. ओठाकडे उरते घास खालून सांभाळायचे काम. हाती धरल्यास तो चिमटा काढेल. नांगी मात्र त्याला नसते.

तळ्याकाठच्या गवतावर, भाताच्या काडीवर त्याची रिकामी कात सापडते. कोमट पाण्यात भिजवून टाचणीने ओठ हळूच पुढे ओढा, बिजागरी उलगडते. जिवंत डिंभकाला मात्र हात लावू नका. कातीत सगळे जसेच्या तसे असते.