धावपट्टी मुंबईची, पाणी शहापूरचं

जुलै उजाडला की मुंबईची वर्तमानपत्रं रोज एक चौकट छापतात. सात तलावांत आज किती साठा, गेल्या वर्षी याच तारखेला किती होता. मुंबईकर त्यातली फक्त टक्केवारी बघतो आणि पान उलटतो. पण आकडे सावकाश वाचण्यासारखे आहेत. सातही तलाव काठोकाठ भरले की वापरण्याजोगं पाणी होतं १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यात एकट्या भातसाचं ७,१७,०३७ आणि तानसाचं १,४५,०८०. ही दोन्ही धरणं ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात आहेत. म्हणजे शंभर लिटरमागे जवळपास साठ लिटर एका तालुक्याचे. वैतरणेवरचे तिन्ही तलाव शहापूर, मोखाडा, इगतपुरीच्या डोंगरांत. खुद्द मुंबईत असलेले विहार आणि तुळशी मिळून शंभरात अडीच लिटरही देत नाहीत.

हे पाणी पिणाऱ्यांमध्ये एक बडं गिऱ्हाईक आहे, छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ. २०२४-२५ या वर्षात तिथून साडेपाच कोटींच्या आसपास प्रवासी आले-गेले. ११ नोव्हेंबर २०२३ या एका दिवसात तिथे १,०३२ उड्डाणं आणि उतरणं झाली, तीही एका वेळी एकच धावपट्टी वापरता येते अशा जागेवर. पर्यावरणाच्या बाबतीत या विमानतळाचं नाव आज देशात आदरानं घेतलं जातं, आणि ते उगाच नाही. २०२२ पासून तिथली सगळी वीज पाणी, वारा आणि सूर्य या स्रोतांची आहे. धावपट्टीलगतची वाहनं टप्प्याटप्प्यानं विजेवर गेली. सांडपाणी शुद्ध करून तेच शौचालयांत, बागेत आणि वातानुकूलनाच्या यंत्रणेत वापरलं जातं.

विमानतळांच्या या हिरव्या स्पर्धेची पद्धत समजून घेतली पाहिजे. २००९ साली युरोपात विमानतळांच्या संघटनेनं कार्बनच्या हिशेबाची एक प्रमाणपत्र योजना सुरू केली. दोन वर्षांनी ती आशियात आली. पायरीपायरीनं वर चढायचं: आधी आपलं उत्सर्जन मोजायचं, मग घटवायचं, मग विमान कंपन्यांनाही त्यात ओढायचं. उत्सर्जनाचे तीन भाग पाडले जातात. स्वतः जाळलेलं इंधन हा पहिला. विकत घेतलेली वीज हा दुसरा. तिसऱ्यात बाकी सगळं येतं: विमानं, टॅक्सी, प्रवाशांच्या गाड्या. पहिले दोन विमानतळाच्या हातात असतात, तिसरा नसतो, आणि खरा धूर त्या तिसऱ्यातच असतो. जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी अडीच टक्क्यांच्या आसपास विमानवाहतुकीचा आहे. इमारतीच्या दिव्यांचा आणि एसीचा त्यातला वाटा अगदी किरकोळ. कोचीच्या विमानतळानं २०१५ साली पूर्णपणे सौरऊर्जेवर चालणारा जगातला पहिला विमानतळ असा मान मिळवला. कौतुकास्पदच. पण तिथून उडणारं विमान सौरऊर्जेवर उडत नाही, एवढं भान ते कौतुक वाचताना ठेवावं.

तरीही या पद्धतीत एक मोठा गुण आहे. ती मोजायला लावते. कुंपणाबाहेरचा धूरसुद्धा निदान कागदावर तरी आणायला लावते. पाण्याच्या बाबतीत असं काही नाही. किती लिटर घेतले, किती पुन्हा वापरले, पावसाचं किती साठवलं, इथपर्यंत हिशेब येतो आणि तिथेच थांबतो. ते लिटर कुठून आले, तिथे मे महिन्यात काय चाललं होतं, हे विचारणारा रकानाच नाही. किराणा पै-पैचा लिहायचा आणि घरभाडं वहीत धरायचंच नाही, असा हा प्रकार.

टर्मिनलमध्ये पाणी कुठे जातं? आपल्याला वाटतं हात धुण्यात आणि पिण्यात. तेवढंच नसतं. मोठ्या इमारतीच्या वातानुकूलन यंत्रणेला कूलिंग टॉवर असतात. तिथे पाण्याची वाफ होते म्हणून इमारत गार राहते. ते पाणी परत येत नाही. त्याखालोखाल शौचालयं, मग उपाहारगृहं, स्वच्छता, हिरवळ. म्हणून सांडपाणी शुद्ध करून टॉवरमध्ये फिरवणं ही दिखाऊ गोष्ट नव्हे, त्यानं पालिकेच्या पाण्याची मागणी खरोखर उतरते. मुंबईला रोज पुरवल्या जाणाऱ्या सुमारे ३८५ कोटी लिटरमध्ये विमानतळाचा वाटा छोटा आहे, हेही मान्य. शहापूरची तहान विमानतळामुळे आहे असं म्हणणारा माणूस थापा मारतो.

मुद्दा वेगळा आहे. कार्बन कुठेही वाचवला तरी त्याचा उपयोग सगळीकडे होतो, कारण आकाश एकच आहे. पाण्याचं तसं नाही. सांताक्रूझला दहा लिटर वाचले तर ते अंधेरीच्या नाहीतर कुर्ल्याच्या नळाला जातात. शहापुरातल्या विहीगावच्या पाड्यावर ते कधीच पोचत नाहीत, कारण जलवाहिनीला एकच दिशा आहे. वाचवलेल्या पाण्याचं पुण्य शहराच्या खात्यातच जमा होतं.

शहापुरात पाऊस कमी पडतो म्हणून टंचाई आहे असं नाही. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो. तो चार महिन्यांत कोसळतो आणि खालचा काळा पाषाण त्याला फारसा मुरू देत नाही. कसारा, डोळखांब, फुगाळे, वाशाळा या बाजूचे पाडे उंच माळांवर आणि डोंगरकुशीत; धरणाचं पाणी दरीत. उतारानं ते शंभरएक किलोमीटरवरच्या मुंबईकडे सहज वाहत जातं, पण वरच्या पाड्याला द्यायचं तर पंप हवा, वीज हवी, वीजबिल भरणारी ग्रामपंचायत हवी. फेब्रुवारी-मार्चनंतर विहिरींचा तळ दिसू लागतो. बाया नदीच्या कोरड्या पात्रात डवरा उकरून वाटीवाटीनं हंडा भरतात. मग टँकर येतो आणि बहुतेक ठिकाणी विहिरीतच ओततो. ओतलेलं पाणी पुन्हा पोहऱ्यानं काढायचं. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांच्या वस्त्यांतला हा उन्हाळा जिल्ह्याच्या टंचाई आराखड्यात दरवर्षी नेमानं येतो.

इतिहास बघितला तर ही रचना चुकून झालेली नाही. तानसा धरण १८९२ साली पुरं झालं. अडीच किलोमीटरहून लांब दगडी बांध, त्या काळी जगभरच्या अभियंत्यांनी नावाजलेला. मुंबईला रोगराईतून सोडवण्यासाठी दूरच्या डोंगरातलं स्वच्छ पाणी आणायचं ही कल्पना योग्यच होती. पुढे १९५७ मध्ये वैतरणेवर मोडक सागर झाला. अभियंते नानासाहेब मोडक यांचं नाव त्याला आहे. मग ऊर्ध्व वैतरणा, भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. भातसाचं पाणी तर नदीतूनच खाली सोडतात. भिवंडी तालुक्यातल्या पिसे इथल्या बंधाऱ्याजवळ ते उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात आणि मुंबईकडे लावून देतात. तानसाभोवतालच्या जंगलाला १९७० मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्या जंगलामुळे पाण्यात गाळ कमी येतो, म्हणजे शुद्धीकरणाचं निम्मं काम झाडंच करतात. अभयारण्याचे निर्बंध पाळतात मात्र तिथले आदिवासी. गुरं कुठे चारायची, सरपण कुठलं आणायचं, सगळ्याला नियम.

या सगळ्यावर कडी करणारी गोष्ट म्हणजे भावली. शहापूर तालुक्यातली ९७ गावं आणि अडीचशेहून जास्त पाडे यांच्यासाठी जी मोठी नळयोजना आखली गेली, तिचा उद्भव शहापुरात नाही. तो आहे घाटावर, नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणात. तिथून पाणी उताराने खाली आणायचं. तांत्रिकदृष्ट्या हे शहाणपणाचं आहे, कारण पंपांचा खर्च वाचतो. पण तालुक्यात मुंबईची निम्म्याहून जास्त तहान भागवणारी धरणं असताना पिण्याचं पाणी शेजारच्या जिल्ह्यातून मागावं लागतं, आणि ती योजनाही वर्षानुवर्षं रेंगाळते, याला तांत्रिक कारण पुरत नाही.

मग विमानतळानं काय करावं, असा प्रश्न कुणी विचारेल. टँकर पाठवावेत का? अजिबात नको. ‘सामाजिक जबाबदारी’च्या नावाखाली टाकी बांधून फलक लावण्याचे प्रकार बरेच झाले. फलक राहतो, टाकी गळते. हिशेबाची हद्द सरकवणं हे खरं काम आहे, आणि ती सरकवता येते याचा पुरावा आपल्याकडेच आहे. नवी मुंबईच्या विमानतळाला नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली तेव्हा अटींची भली मोठी यादी जोडली होती. ११६० हेक्टरच्या त्या प्रकल्पासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचं पात्र वळवलं, १० गावं उठली. त्यावर वाद झाले आणि ते होणं आवश्यकच होतं. पण बुडणाऱ्या खारफुटीच्या बदल्यात वाघिवलीला आणि आसपासच्या खाड्यांवर खारफुटी राखायची, पाणथळीतल्या पक्ष्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं लक्ष ठेवायचं, अशा अटी विमानतळाच्या कुंपणाबाहेर लागू झाल्या. पक्ष्यांची काळजी निव्वळ भूतदयेतून आली नव्हती. इंजिनात पक्षी शिरला तर विमान पडू शकतं. बाहेरचं जग आत घुसतं म्हणून ते मोजलं गेलं. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचं उद्घाटन झालं तेव्हा ४७ मेगावॉटच्या आसपासच्या सौरऊर्जेचा उल्लेख अभिमानानं झाला. पाणलोटाचा उल्लेख कुठे ऐकू आला नाही.

न्यूयॉर्कचं उदाहरण मला इथे महत्त्वाचं वाटतं. त्या शहराचं पाणी, पर्यायानं त्याच्या केनेडी विमानतळाचंही, वायव्येच्या कॅट्सकिल आणि डेलावेअरच्या डोंगरांतून येतं. धरणांसाठी तिथलीही गावं बुडाली आणि राग पिढ्यानपिढ्या टिकला. १९९७ साली शहरानं त्या भागातल्या गावांशी लेखी करार केला. प्रचंड खर्चाचा गाळण प्रकल्प बांधण्यापेक्षा पाणलोटातल्या गावांच्या सांडपाण्यावर, शेतीवर आणि जंगलावर शहरानं पैसे घालायचे, शहराच्या पाणीपट्टीतून. करारात कटकटी आहेत, स्थानिकांची कुरकुर आहे. पण पैसा वर जातो आणि वरचे लोक वाटाघाटीच्या टेबलावर बसतात. मुंबई महापालिका जलवाहिनीलगतच्या काही गावांना पाणी देते, पण पाणलोटातल्या पाड्यांशी असा करार तिनं केलेला नाही. विमानतळासारख्या बड्या गिऱ्हाइकाच्या बिलावर पाणलोटाचा स्पष्ट अधिभार लावायचा आणि तो तालुक्याच्या हाती द्यायचा, हे प्रमाणपत्राच्या एका पायरीइतकं अवघड नाही.

शहापूरला लागून असलेल्या मुरबाडमध्ये पाण्याची किंमत कुणी मोजायची हा प्रश्न अजून उघडा आहे. बारवी धरणाची उंची वाढली तेव्हा बुडणाऱ्या गावांतल्या कुटुंबांना औद्योगिक महामंडळात आणि महापालिकांत नोकऱ्या द्याव्या लागल्या. पाणी घेणाऱ्यानं किंमत मोजायची, हे निदान एका बाबतीत मान्य झालं. काळू नदीवरच्या धरणाचं मात्र उलटं. वाढत्या महानगर प्रदेशासाठी ते आखलं गेलं आणि जवळपास हजार हेक्टर वनजमीन त्यात जाणार होती. वनविभागाची रीतसर परवानगी नसतानाच काम सुरू झालं. श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली आणि मुंबई उच्च न्यायालयानं २०१२ मध्ये काम थांबवलं. गेल्या काही वर्षांत सरकारनं पुन्हा हालचाल सुरू केली आहे. माळशेजच्या पायथ्याच्या गावांमध्ये ग्रामसभा पुन्हा ठराव करू लागल्या आहेत, आणि मोबदल्याच्या रकमेआधी त्या विचारतात: आमच्या गावाला नळ कधी, आणि त्यात पाणी कुठलं?