सकाळी उंच, रात्री बुटके!

दोस्तांनो, एक प्रयोग करून बघा. सकाळी उठल्या उठल्या भिंतीला टेकून उभे राहा आणि ताईला डोक्यापाशी पेन्सिलीने खूण करायला सांगा. रात्री झोपण्याआधी पुन्हा तिथेच टेका. अरेच्चा! उंची जवळजवळ एक सेंटिमीटर कमी भरली? गेली कुठे?

ही सगळी करामत पाठीच्या कण्याची. एकावर एक रचलेले मणके आणि त्यांच्यामध्ये लवचीक चकत्या. अशा 23 चकत्या असतात आणि त्यांचा गाभा पाण्याने भरलेला असतो. दिवसभर वरचा भार पडून थोडं पाणी बाहेर जातं. रात्री आपण आडवे झालो, की चकत्या स्पंजासारखं पाणी शोषून पुन्हा फुगतात. अंतराळात तर कण्यावर भारच पडत नाही. तिथे अंतराळवीरांची उंची 5 सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते, पण अनेकांची कंबरही दुखते!

आणखी एक नवल ऐका. मोठ्या माणसांच्या चकत्यांच्या गाभ्यात रक्तवाहिन्या नसतात. त्यांचं अन्न शेजारच्या मणक्यांतून झिरपत येतं आणि हालचालीची त्याला मदत होते. मणक्यांच्या मागे छोटे सांधेही असतात. त्यांतला बुळबुळीत द्रव हालचालीनेच नीट पसरतो. म्हणून तासन् तास एकाच जागी बसलं, की पाठ आखडते.

सर्वांत जास्त भार पेलतात कंबरेचे 5 मणके. वाकून जड बादली उचलली किंवा अंगाला एकदम हिसका बसला, की तिथले स्नायू ताणले जातात. आजी म्हणते, “कंबरेत उसण भरली गं!” वय वाढलं, की चकत्यांमधलं पाणी कमी होतं, सांधे झिजतात आणि कधी सुजतातही. मग आजीने अंथरूण धरायचं का? नाही! गरम पाण्याच्या पिशवीने शेक घ्यायचा आणि झेपेल तसं हिंडायचं-फिरायचं. बहुतेक वेळा काही आठवड्यांत बरं वाटतं.

तुमची पाठ दुखली, तर मात्र घरी लगेच सांगा. सोबत ताप असेल, पायाला मुंग्या येत असतील, पडल्यावर दुखू लागलं असेल किंवा दुखण्याने रात्री जाग येत असेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं.

आणि दप्तर? ते दोन्ही खांद्यांवर घ्या. आपल्या देशाच्या 2020च्या धोरणानुसार ते तुमच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जड नको. तुम्ही 30 किलोचे असाल, तर दप्तर 3 किलोपर्यंतच. आज वजनकाट्यावर ठेवून बघाच!