बाकावरचे 37 गुण

7 एप्रिल 2024 रोजी क्लीव्हलँडमध्ये अमेरिकेच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यात साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या मुलींनी आयोवाला 87–75 असं हरवलं आणि सत्रातले सगळेच्या सगळे, म्हणजे 38 सामने जिंकून विजेतेपद नेलं. पण गुणपत्रक वाचताना नजर पुन्हा पुन्हा अडकते ती 37–0 या आकड्यावर. हे राखीव खेळाडूंचे गुण. आयोवाच्या बाकावरून उठून आलेल्या एकीलाही गुण मिळाला नाही; साउथ कॅरोलायनाकडून सर्वाधिक 19 गुण केले ते टेसा जॉन्सननं, आणि ती पहिल्या वर्षाची, बाकावरूनच आलेली. आयोवाच्या केटलिन क्लार्कनं 30 गुण केले, पण त्यातले 18 पहिल्याच क्वार्टरमध्ये. उरलेल्या तीन क्वार्टरमध्ये मिळून बारा! प्रतिभा काही मध्यंतरात आटत नाही, पाय थकतात. समोर मात्र दर थोड्या वेळानं ताजे पाय येत होते. क्लार्कच्या मागे सावलीसारखी होती रेव्हन जॉन्सन. वर्षभरापूर्वी याच आयोवानं उपांत्य सामन्यात 77–73 असा धक्का दिला, तेव्हा क्लार्कनं नुसता हात झटकून ‘हिला अडवायची गरजच नाही’ असं दाखवलं होतं ते याच रेव्हनला. आता मध्यंतराच्या तोंडावर तिनं क्लार्कच्या हातातला चेंडूच काढून घेतला.

यावर कुणी म्हणेल, सहा फूट सात इंचांची कमिला कार्दोसो संघात असेल तर कुणीही जिंकेल. तिनं 17 रिबाउंड घेतले, हे खरंच. पण रिबाउंडचा हिशेब होता 51–29. कार्दोसोचे 17 वजा केले तरी 34 उरतात, आयोवाच्या सगळ्या संघापेक्षा जास्त. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इतक्या गुणी मुली एकाच बाकावर बसवणं मोठ्या नावाच्या विद्यापीठालाच परवडतं. परवडतं खरं, पण अशा मुलींना बाकावर बसतं ठेवणं हे वेगळंच काम, आणि प्रशिक्षक डॉन स्टेली यांचं खरं कसब तिथंच दिसतं. 2023 च्या पराभवानंतर सुरुवातीच्या पाचही जणी संघाबाहेर पडल्या होत्या. त्यांच्या जागी केवळ बाहेरून तयार तारका आणून ही फळी उभी राहिलेली नाही. कार्दोसो स्वतः आदल्या वर्षी राखीव खेळाडू म्हणूनच मैदानात येत होती.