पस्तीस हे उत्तर आलं कुठून?

‘प्रत्येक मुलाच्या गरजेप्रमाणे शिकवा,’ असं प्रशिक्षणात सांगितलं, की शिक्षक आधी हेच विचारतात, चाळीस मुलांसाठी चाळीस पाठ काढायचे का? द्विशिक्षकी शाळेत दोन-तीन इयत्ता एकटीनं सांभाळणाऱ्या बाईंचा हा प्रश्न रास्त आहे. पण तसं करायची गरजच नाही. मूल नेमकं कुठं अडलंय, ते हुडकायचं आहे.

५२ वजा २७ घ्या. एकाचं उत्तर येतं ३५, दुसऱ्याचं २६, तिसऱ्याचं ७९. तिन्हींवर फुली मारून ‘आणखी दहा गणितं सोडव’ म्हणणं सोपं. पण ३५ लिहिणाऱ्यानं एककाच्या घरात सातातून दोन वजा केलेत. मोठ्या अंकातून लहान काढायचा, एवढंच त्याला उमगलंय. दहा काड्यांचा गठ्ठा त्याच्याच हातानं सोडवून घेतल्याशिवाय दशक मोडणं म्हणजे काय, हे त्याला कळणार नाही. नुसत्या सरावानं चूक आणखी पक्की होईल. २६वाल्याला रीत येते, तो मोजताना हुकला असेल. ७९वाल्यानं बेरीज केली. चिन्हाकडे लक्ष नव्हतं, की शाब्दिक उदाहरणातलं ‘किती उरले’ हेच कळलं नाही? ते त्यालाच विचारावं लागेल. घरात वारली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाचं गणित चांगलं असूनही ते इथं अडू शकतं. चाळीस मुलांच्या वर्गातही अशा अडचणी तीन-चार प्रकारच्याच निघतात, आणि तेवढेच गट पुरतात.

दुसरा गैरसमज चांगल्या हेतूनं पसरलाय, म्हणून तो जास्त चिवट आहे. कुणी पाहून शिकतं, कुणी ऐकून, कुणी हातानं करून; तेव्हा मुलाची ‘शैली’ ओळखा आणि तसंच शिकवा, असं सांगितलं जातं. हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये यावरचं संशोधन तपासलं, तेव्हा अशा शिकवण्यानं मुलं अधिक शिकतात याचा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. हॉवर्ड गार्डनर यांच्या बहुविध बुद्धिमत्तेच्या सिद्धान्ताचा दाखला दिला जातो खरा, पण या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्यांनी स्वतःच स्पष्ट केलंय. नकाशा प्रत्येकानं पाहायलाच हवा आणि कविता प्रत्येकानं ऐकायलाच हवी. ‘हा ऐकून शिकणारा’ असा शिक्का मारून एखाद्याला नकाशापासून दूर ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

मग हुशार आणि ढ अशा तुकड्या पाडायच्या? मुळीच नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या पद्धतीत तिसरी ते पाचवीच्या मुलांचं वाचन अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांवर तपासतात. दिवसातला ठरावीक वेळ इयत्ता विसरून त्या पायरीचे गट बसतात, आणि मूल पुढं सरकलं की त्याचा गट बदलतो. तुकडी मात्र वर्षभर बदलत नाही, शिक्का तर आयुष्यभर पुसला जात नाही. मागं पडलेल्या मुलांना वेगळं शिकवणाऱ्या ‘बालसखीं’चा मुंबई आणि वडोदऱ्यातला प्रयोग अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो यांनी तपासला, तेव्हा मुलांचे गुण वाढलेले दिसले. या दोघांना पुढं २०१९मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

गरजेप्रमाणे शिकवण्याला परदेशी फॅड म्हणणाऱ्यांनी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं बालशिक्षणाचं काम आठवावं. १९४५मध्ये बोर्डीत सुरू झालेलं हे काम पुढं कोसबाडला गेलं. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून या बायांनी शाळाच कुरणात नेली.

राहिला सवलतींचा मुद्दा. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला परीक्षेत जादा वेळ दिला, की इतर पालकांना तो पक्षपात वाटतो. पण इतिहासाचा पेपर इतिहासाचं ज्ञान तपासतो, वाचण्याचा वेग नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता आहे, आणि राज्य मंडळाच्या परीक्षांतही या मुलांना सवलती मिळतात. मात्र अनेक घरांत तपासणीची आठवण दहावीचा फॉर्म भरताना होते. तिसरी-चौथीतलं मूल वर्षभर वाचनाशी झगडत असेल, तर ‘लक्षच देत नाही’ म्हणून सोडून देऊ नका. तेव्हाच तपासणी करून घ्या.